अर्धा आटा

वाढोण्याच्या सोसायटीचं जुनं खताचं गोदाम.
युरियाचा वास अजून भिंतीत आहे,
आणि मधोमध टेबलावर माझा थ्रीडी प्रिंटर,
ज्याला गाव म्हणतं शेवयांचं मशीन.
म्हणू दे. चुकीचं नाही ते.
तापतो, बारीक तार सोडतो,
थरावर थर देत
फवारणी पंपाचा वायसर बनवतो,
शिलाई मशीनचं दातेरी चाक,
एकदा शाळेच्या घंटेचा लोलक,
जो वाजलाच नाही.

तोंड तुंबलं की मात्र दिवस गेला समजा.
आधी पंखा काढा. मग दोन स्क्रू,
मग तो तिसरा, मुंगीच्या डोक्याएवढा,
हीटरच्या पोटात रुतलेला.
थर्मिस्टर म्हणजे काचेचा मणी, मोहरीहून लहान,
त्याच्या तारा केसासारख्या;
एक तुटली की नागपूरहून कुरिअर,
राळेगावपर्यंत सहा दिवस,
पुढचे तीन एसटी कंडक्टरच्या मर्जीवर.
आणि तिसरा स्क्रू पडायचाच.
मी गुडघ्यांवर, मोबाईल दातांत,
फरशीच्या फटी चाचपत.

म्हणून ठरवलं,
हे सगळं एका डबीत बसवायचं.
नोझल, हीटर, मणी, पंखा, मुठीत मावेल असं.
बिघडलं की ओढायचं, दुसरं सारायचं.
वहीवर लिहिलं: काडतूस, आवृत्ती एक.
कोतवालाने वही पाहिली
आणि दोन दिवस माझ्याशी जपून बोलला.

पहिलं मेच्या सत्तेचाळीसमध्ये
टिनाखाली ठेवल्या ठेवल्या वाकलं.
प्लास्टिक बदललं.
दुसऱ्याला खटका होता,
सुरेख, कट् वाजायचा,
एकोणिसाव्या वेळी कट् वाजला आणि तुटला.
तिसरं उलटंही बसायचं.
उलटं बसलं तेव्हा जो धूर निघाला
त्याचा डाग छताला आहे. आलात तर दाखवते.

मग सत्यफुलाबाई नगराळेंच्या अंगणात
कुरड्यांचा दिवस.
मी मदतीला गेले आणि पितळी सोऱ्याकडेच बघत बसले.
कोपरापर्यंत चिकाने माखलेले हात,
त्यांनी न बघता
जाड भोकांची चकती काढली, बारीक बसवली,
शेजारणीच्या सुनेच्या बदलीबद्दल बोलता बोलता.
मी म्हटलं, पुन्हा करा.
"कायले? अर्धा आटा फिरवला का निंगते, व पोरी.
पुरा आटा ठेवला त चीक वाळते अन् जाम होते."

रात्री बियाणे कंपनीच्या कॅलेंडरमागे चित्र काढलं.
अर्धा आटा.
तीन खाचा, असमान अंतरावर,
चुकीचं बसायला जागाच नको.
चार पितळी ठिपके, स्प्रिंगवर टेकणारे,
तारेला कुणी हात लावायचा नाही.
तापलेलं तोंड खाली, धरायचा कान वर.

चाचणी अशी:
अकराला लाईन जाते, तेव्हा,
तेलकट हाताने,
ज्याने हे मशीन कधी उघडलं नाही त्याने बदलायचं.
सत्यफुलाबाई आल्या.
मी मोबाईल पालथा धरून सेकंद मोजले,
उजेड पडू नये म्हणून.
चौदा.
लाईन आली तेव्हा त्या काडतूस डोळ्याजवळ नेऊन बघत होत्या.
"यात चीक कोठून भरतेत?"

अजून पुरतं जमलेलं नाही.
शंभरेक बदलांनंतर तिसरा ठिपका सैल पडतो,
का, ते कळलेलं नाही.
जुलैपासून मी वर्ध्याला असेन.
जो कोणी माझ्यानंतर हे उघडेल त्याच्यासाठी:
आवृत्ती चारची दोन तयार आहेत,
फळीवर, साबुदाण्याच्या डब्यात.
किल्ली सत्यफुलाबाईंकडे.
पुस्तक वाचायची गरज नाही, त्यांनाच विचारा.

काल निघण्याआधी झाडून घेतलं,
तर केरसुणीत अडकून तो निघाला,
मागच्या दिवाळीचा, तिसरा स्क्रू.
आता तो कशालाच लागत नाही.
तरी मी खाली बसले,
फुंकर मारून धूळ उडवली
आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला,
जिथून वस्तू सहसा पडत नाहीत.